स्वेच्छेने म्हणजे नक्की कसं?

"विमान कंपनीच्या सुट्टीवरच्या कर्मचाऱ्यांनी गर्दीच्या दिवसांत स्वेच्छेने चार तास विमानतळावर येऊन हातभार लावला तर काय बिघडलं?" असं कुणीतरी विचारलंय. काम कोणतं, त्यावर आहे ते. रांग लावणं, गेट दाखवणं ठीक. पण २०२२ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने सिडनी-मेलबर्नच्या विमानतळांवर चक्क वरिष्ठ व्यवस्थापकांना बॅगा चढवायला या म्हटलं होतं. एकेक बॅग ३२ किलोपर्यंत! (खुर्चीत बसणाऱ्याची कंबर किती दिवस टिकणार?) आणि फुकट राबवायचं म्हणाल, तर अमेरिकेत १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यामुळे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला तासावर पगार घेणाऱ्यांकडून असं काम घेताच येत नाही. साहेबच नावांची यादी घेऊन टेबलापाशी उभे राहिले की 'नाही' म्हणतंय कोण?