अँटिग्वाचं नेल्सन्स डॉकयार्ड अर्ध्या दिवसात बघून होईल का?

नदीकाठचा
नमस्कार मंडळी, जानेवारीत आईबाबांना घेऊन कॅरिबियन क्रूझला जातोय, अँटिग्वाला सेंट जॉन्समध्ये सकाळी ८ ते संध्याकाळी ५ जहाज थांबणार आहे. बाकीचे बीचवर जाऊया म्हणतायत पण बाबांची सगळी नोकरी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात फिटर म्हणून गेली, त्यांना ही ब्रिटिश नौदलाची जुनी गोदी दाखवायचीच असं मनात आहे. गुडघा दुखतो त्यांचा, चढण नको. बघण्यासारखं काही आहे की नुसती हॉटेलं उरलीत?

सायलीची_आई
जाच! आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. डॉकयार्ड इंग्लिश हार्बर या बंदरात, बेटाच्या दक्षिणेला आहे, टॅक्सीने पाऊण तास धरा. १७ नंबरची बस जाते, स्वस्त पडते, पण क्रूझ गाठायची असेल तर टॅक्सीच बरी. आत बहुतेक सपाट आहे. हॉटेलं आहेत, पण जुन्या इमारतींमध्येच, म्हणजे डांबर आणि राळ ठेवायचं १७८८ चं गोदाम होतं तिथे आता ॲडमिरल्स इन आहे, आणि त्याच्या शेजारी नुसते जाडजूड दगडी खांब उभे दिसतात ना, ते बोट हाऊस, वरच्या माळ्यावर शिडं शिवायचे. छप्पर नाही आता, पण मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. शर्ली हाइट्सच्या टेकडीवर टॅक्सी वरपर्यंत जाते, अख्खं बंदर खाली दिसतं. टोपी आणि पाणी मात्र विसरू नका.

खाडीवाला
बाबांना धक्क्यावरचे कॅप्स्टन दाखवा, मोठे उभे रहाट आहेत. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-दीड फूट, त्यामुळे आपल्या मुंबईसारखी भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं आणि ओहोटीला पाणी सोडून द्यायचं अशी सुकी गोदी तिथे जमतच नव्हती. मग सामान, तोफा उतरवून जहाज या रहाटांच्या दोरांनी ओढत एका कुशीवर पाडायचे आणि तळ खरवडायचे, कारण उष्ण समुद्रात किडा लाकूड पोखरतो. तळाला ठोकायच्या तांब्याच्या पत्र्यांचं कॉपर अँड लंबर स्टोअर अजून उभं आहे. फिटर माणूस तिथून लवकर हलणार नाही बघा!

अबोली
एक मनापासून सांगते, नाव ब्रिटिश नौदल अधिकारी नेल्सनचं असलं तरी तो १७८४ ते १७८७ एवढाच होता तिथे. १७२५ च्या सुमाराला काम सुरू झालं ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातांनी. ८ मार्च १७४४ ला बंदुकीच्या दारूच्या स्फोटात त्यातली आठ माणसं गेली. २०१६ ला युनेस्कोच्या यादीत आलं तेव्हा या लोकांच्या श्रमाचा उल्लेख झाला, फार बरं वाटलं मला. म्युझियममध्ये घाई करू नका आणि गाइडला त्यांच्याबद्दल मुद्दाम विचारा.

नदीकाठचा
खूप खूप आभार! बाबांना कॅप्स्टनचं वाचून दाखवलं, त्यांनी लगेच कागद घेऊन जहाज कसं पाडत असतील त्याचं चित्र काढायला घेतलं. बीच रद्द, टॅक्सी बुक करतोय.