अनुभव धागा: तुमचा आवडता रॉक बँड कोणता, आणि तो कुठल्या खणात बसतो?

जुलै २०२५ मध्ये ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी गेला त्या आठवड्यात आमच्या मित्रांच्या ग्रुपवर दिवसभर त्यांचीच गाणी फिरत होती, आणि रात्री कुणीतरी सहज लिहिलं की हेवी मेटल खरं तर लेड झेपेलिनने सुरू केलं. मग काय, कित्येक दिवस तेच चाललं. एक म्हणतो झेपेलिन म्हणजे मोठ्या आवाजातला ब्लूज, दुसरा म्हणतो मग १९७० चा तिसरा अल्बम ऐक, त्यात निम्मी गाणी अकूस्टिक फोक आहेत, तिसऱ्याने तर १९७२ चं मुंबईचं रेकॉर्डिंग काढलं (झेपेलिनचे गिटारवाला पेज आणि गायक प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी परत वाजवून गेले होते, ते २०१५ ला अधिकृतपणे बाहेर आलं) आणि विचारलं की बोला, ह्याला कुठला जॉनर, म्हणजे संगीताचा कुठला खण, म्हणायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे रॉक इतिहासाच्या क्रमाने आलाच नाही. तिकडच्या माणसाने ७० ला सॅबथ, ७७ ला पंक, ९१ ला निर्वाणा असं एकामागून एक ऐकलं, वाढत्या वयाबरोबर. आपल्याला ते सगळं एकाच वर्षी, एकाच खोलीत, कुणाच्या तरी मोठ्या भावाच्या बॅगेतून मिळालं. त्यामुळे आपले खण वेगळे आणि आपली भांडणंही वेगळी. म्हणून विचारतोय, बँड कोणता, तो कानावर कसा पडला, आणि तुम्ही त्याला कुठे ठेवता? नुसती यादी नको, सविस्तर लिहा.

*

सॅबथ. आणि माझ्यासाठी मेटल तिथेच सुरू होतं, ह्यावर मी हटणार नाही.

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे, शीट मेटलचं काम. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमला अशाच कारखान्यात होता हे मला बऱ्याच उशिरा कळलं आणि त्यानंतर ती गाणी मला वेगळीच ऐकू यायला लागली. त्याचा तिथला शेवटचा दिवस होता, वय सतरा, काम खरं तर वेल्डिंगचं, पण प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून ह्याला बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. ज्याने प्रेसचा रॅम खाली येताना जवळून बघितलाय त्याला हे वाचताना काय होतं ते वेगळं सांगायला नको. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तिसऱ्या अल्बमला (१९७१) गिटारच तीन सेमिटोन (अर्धे सूर) खाली उतरवली म्हणजे तारा सैल, बोटांना त्रास कमी. तो जो जाड, खालचा, छातीत बसणारा आवाज आहे ना, तो निम्मा ह्या जुळवाजुळवीतून आलाय.

आता कुणी म्हणेल पहिल्या अल्बममध्ये (फेब्रुवारी १९७०) माऊथ ऑर्गन आहे, ब्लूज आहे, बिल वॉर्डचे ड्रम्स जॅझकडे झुकतात. सगळं मान्य. अल्बम सगळा मिळून साधारण एका दिवसात रेकॉर्ड झालाय, त्यांना जे येत होतं ते त्यांनी वाजवलं. पण झेपेलिन ऐकताना मला एक रुबाब ऐकू येतो आणि सॅबथ ऐकताना भोंगा, पत्रा आणि रात्रपाळी. फरक तिथे आहे.

*

वरच्या प्रतिसादाला +१, फार सुंदर लिहिलंय दादा.

माझा बँड डीप पर्पल. आम्ही गिरगावातले, ८० च्या दशकात ओरिजिनल कॅसेट परवडायची नाही म्हणून कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दुकानदाराला द्यायची, तो भरून द्यायचा. एका बाजूला ४५ मिनिटं. ‘मशीन हेड’ आहे साधारण ३७ मिनिटांचा. मग उरलेल्या टेपवर दुकानदार त्याच्या मनाने काहीतरी टाकायचा, माझ्या कॅसेटवर स्कॉर्पियन्सचं एक गाणं होतं आणि त्यानंतर युरोपचं, तेही मध्येच कट. १९७२ चा अल्बम आणि त्याच्या शेपटाला १९८६ चं गाणं. आजही ‘मशीन हेड’ संपला की माझ्या कानाला पुढे स्कॉर्पियन्सच हवे असतात, शांतता चालत नाही. धागाकर्त्यांनी क्रमाबद्दल लिहिलंय ते म्हणूनच अगदी पटलं.

त्या अल्बमची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल तरी लिहितो कारण मला ती सांगायला आवडते. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो गाव, तिथल्या कॅसिनोत ह्यांना रेकॉर्डिंग करायचं होतं, रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग व्हॅनही येऊन उभी. आदल्या कार्यक्रमात, फ्रँक झॅपाच्या, प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कॅसिनो जळाला. मग हे लोक बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून बसले आणि तिथे अल्बम केला. जगातल्या प्रत्येक गिटार शिकणाऱ्या पोराने पहिल्यांदा वाजवलेला तो रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) त्या आगीवरच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ गाण्यातला आहे.

जॉनरचं म्हणाल तर पर्पलला नुसतं हार्ड रॉक म्हणणं मला अपुरं वाटतं. १९६९ मध्ये ह्याच बँडने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला होता, त्यांच्या ऑर्गनवाल्या जॉन लॉर्डने लिहिलेला. त्याचा हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून यायचा, म्हणून गिटारशी भिडायचा. ते बाख आणि ब्लूज एकत्र ऐकायचं तर लॉर्डच.

मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉकचे कार्यक्रम बघितलेले कुणी आहे का इथे? धोबीतलाव, उघडं थिएटर, पावसाळा, आणि एकामागून एक कॉलेजचे बँड. शेजारी हॉस्पिटलं आणि कॉलेज म्हणून पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात तिथले कार्यक्रम बंद झाले. तिथे एका संध्याकाळी पर्पल, मेडन आणि डोअर्स तिन्हीची कव्हर्स ऐकायला मिळायची आणि कुणीही विचारायचं नाही की हे कुठल्या दशकातलं.

*

आयर्न मेडन!! मार्च २००७, बंगलोर, पॅलेस ग्राउंड्स. मुंबईहून उद्यान एक्सप्रेसने गेलो होतो, डब्यात निम्म्या पोरांच्या अंगात काळे टीशर्ट, सोलापूरला चढलेल्या एका आजोबांनी विचारलं कुणाची दिंडी आहे म्हणून. आधी दिल्लीचा परिक्रमा वाजला, मग मेडनच्या बासवाल्या स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेन, आणि मग ते. गर्दी गाण्याचे शब्द तर म्हणतच होती पण गिटारची धूनसुद्धा तोंडाने म्हणत होती, हजारो लोक एका सुरात, हे मी त्याआधी फक्त लाईव्ह रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं होतं. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी वर्ल्ड टूर मुंबईतूनच सुरू केली, बँडचं विमान स्वतः गायक ब्रूस डिकिन्सन चालवत आलेला.

मेडनला सगळे ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’ म्हणून ८० च्या खणात टाकतात. मला ते अर्धवट वाटतं. हॅरिस हा जेथ्रो टल आणि जेनेसिस ऐकत वाढलेला माणूस, १९८३ ला त्यांनी टलचं गाणंही केलंय. १९८४ च्या अल्बमवर कोलरिजच्या कवितेवरचं पावणेचौदा मिनिटांचं गाणं आहे, त्यात मध्येच सगळं थांबतं आणि जहाजाची लाकडं करकरतात. प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) म्हणजे अजून वेगळं काय असतं?

आणि टल निघालाच आहे तर, खण ही नुसती फॅन लोकांची भांडणं नाहीत. १९८९ ला ग्रॅमीने पहिल्यांदा हार्ड रॉक/मेटलचं बक्षीस ठेवलं. समोर मेटालिका, आणि मिळालं जेथ्रो टलला. बासरीवाल्या टलला! एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले आणि मेटलचं मेटालिकाला मिळालं. म्हणजे खण चुकला की कुणाच्या तरी हातातलं जातं, त्यामुळे ‘जॉनरला काय अर्थ आहे’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

*

टल ह्यांना मी लहानपणापासून मानतो, आणि त्यांच्या बासरीला कमी लेखू नका अशी विनंती :)

माझं रॉकचं सगळं शिक्षण हॉस्टेलच्या लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, झालं. एका फोल्डरमध्ये किंग क्रिमसन, रश, टूल, ओपेथ, ड्रीम थिएटर, सगळं ‘प्रोग’ नावाखाली, साल वगैरे काही नाही. डिसेंबर २००९ ला पॉर्क्युपाइन ट्री आयआयटी मुंबईला मूड इंडिगो महोत्सवात आले आणि मी तिथे होतो. आवाज इतका स्वच्छ की ड्रमर गॅव्हिन हॅरिसनचा प्रत्येक झांजेचा ठोका वेगळा ऐकू येत होता, मागच्या रांगेतसुद्धा. मी तेव्हा तबला शिकत होतो त्यामुळे मी अख्खा वेळ सम शोधत होतो, आणि तो ती लपवून लपवून परत आणून देत होता.

पण वाद कुठे होतो तर ओपेथवर. २०११ ला त्यांनी घशातलं गुरगुरणं बंद केलं, ७० च्या दशकासारखा ऑर्गन आणला आणि निम्मे फॅन म्हणाले हा आता मेटल बँड उरला नाही. मला उलट वाटतं. प्रोग हा काळ नाही, वृत्ती आहे, जो बँड मागच्या अल्बमची नक्कल करायचं नाकारतो तो प्रोग. त्या हिशोबाने ७० च्या नकला करणारे कित्येक आजचे बँड प्रोग नाहीत, ऐकायला कितीही गोड असले तरी. २०२४ ला ओपेथने गुरगुरणं परत आणलं, आणि त्या अल्बमवर बासरी कुणाची, तर टलच्या इयन अँडरसनची. वर ज्यांनी ग्रॅमीचं लिहिलंय त्यांच्यासाठी खास.

*

मी वाईची. आमच्याकडे क्वीन म्हटलं की आधी पाचगणी येतं. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, पण शाळा पाचगणीचं सेंट पीटर्स, तिथेच पियानो आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळेतला बँड. माझे आजोबा घाट चढून पाचगणीला कामाला जायचे त्याच वर्षांत, त्यांना ह्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं, पण मला तो विचार करायला फार आवडतं.

क्वीनला कुठे ठेवायचं? सुरुवातीला झेपेलिनच्या जवळचे, १९७५ च्या अल्बममध्ये ऑपेराही आहे, जुन्या म्युझिक हॉलची गाणीही, आणि मेटलच्या अगदी शेजारचंही. त्यांच्या जुन्या अल्बमच्या कव्हरवर अभिमानाने छापलेलं असायचं की सिंथेसायझर वापरलेला नाही, तो सगळा आवाज ब्रायन मेच्या गिटारच्या थरांचा, आणि ती गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. १९८० ला पहिल्यांदा सिंथ आला आणि तिथून जुन्या फॅन लोकांची तक्रार सुरू झाली. मी ८० नंतरचं क्वीनही तितकंच ऐकते. माझी आई रॉक अजिबात ऐकत नाही पण तिला क्वीनमधले एकावर एक चढवलेले आवाज ऐकून भजनी मंडळात बसल्यासारखं वाटतं, आणि मला ती प्रतिक्रिया कुठल्याही समीक्षेपेक्षा जवळची आहे.

*

सगळे काका-दादा ७० च्या दशकात रमलेत तर मी लिहितेच. लिंकिन पार्क. नागपूर, शाळेत असताना सायबर कॅफेतून सीडीवर राईट करून घेतलेला ‘हायब्रिड थिअरी’. गंमत बघा, तोही साधारण ३७ मिनिटांचाच, तुमच्या ‘मशीन हेड’ एवढा! पण सीडीवर जागा उरली म्हणून आमच्या कॅफेवाल्याने काही भरून दिलं नाही.

‘हा खरा रॉक नाही’ हे मी कॉलेजभर ऐकलं. त्यात रॅप आहे, डीजे आहे, सँपल आहेत, गिटार सोलो नाही. बरोबर, नाही. त्या गाण्यांना सोलोची गरजच नव्हती, गायक चेस्टरचा आवाज तिथे ते काम करतो, एका ओळीत कुजबुज आणि पुढच्या ओळीत घसा फाडून ओरडणं, आणि तरी सूर सुटत नाही. घरात कुणाशी बोलता येत नव्हतं अशा वयात मला शब्द त्या माणसाने दिले. जुलै २०१७ मध्ये तो गेला तेव्हा ऑफिसमध्ये मला बाथरूममध्ये जाऊन रडावं लागलं. २०२४ ला एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन बँड परत आला, मला नवीन अल्बम आवडला, आणि ‘चेस्टरशिवाय लिंकिन पार्क नाही’ म्हणणाऱ्यांना मी बॉन स्कॉट आणि एसी/डीसीची आठवण करून देते. फेब्रुवारी १९८० ला स्कॉट गेला, जुलैत नवा गायक घेऊन अल्बम बाहेर, आणि तोच त्यांचा सगळ्यात गाजलेला. जुन्या बँडला ही सवलत मिळते तर आमच्याला का नको?

*

ताई, सवलत दिली :) एकदम पटलं.

मी सिअ‍ॅटलजवळ राहतो, गाव जळगाव. ग्रंजबद्दल, म्हणजे इथून निघालेल्या नव्वदच्या सुमाराच्या रॉकबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. तो खण बाहेरच्यांनी केलेला आहे. निर्वाणात पंक, पर्ल जॅममध्ये ७० चा रॉक, साउंडगार्डनमध्ये सरळसरळ सॅबथ, आणि अ‍ॅलिस इन चेन्स तर १९९१ ला स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्सबरोबर मेटलच्या टूरवर होते. एकच शहर आणि एकच पाऊस, बाकी चौघांत साम्य कमी. माझा बँड अ‍ॅलिस इन चेन्स. लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल एकत्र गातात तेव्हा दोन आवाजांत जे अंतर असतं ते कानाला आधी खुपतं आणि मग त्याचीच सवय होते. मी त्यांना मेटलमध्ये ठेवतो आणि इथले माझे शेजारी, जे तेव्हा ते शो बघायला जायचे, तेही तिथेच ठेवतात.

इथे रेंटनला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची समाधी आहे, भारतातून कुणी आलं की मी आधी तिथे नेतो. त्याला कुठल्या खणात घालायचं ते मात्र ज्याने त्याने ठरवा.

*

हेंड्रिक्स, ६७ ते ७०, बास. त्याच्यानंतरचं सगळं त्याच्याच खणात. यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.