मदत हवी आहे: दोन कुत्रे, एक तंबू, बाबा आणि गुहागरकडचं आमचं पडकं जोतं

मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून गाडीने गुहागर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी जायचं घाटतंय. गाडीत मी, नवरा, ७४ वर्षांचे बाबा आणि दोन कुत्रे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, भावकी कुठेही वाचत असते. पालशेत आणि हेदवीच्या मधे कुठेतरी, समुद्रापासून जरा आत, सड्याखाली (वरच्या कातळाच्या माळाखाली), एवढं पुरे.

आधी कुत्र्यांबद्दल, कारण सगळा घोळ त्यांचाच आहे. साखर नऊ वर्षांची लॅब्रॅडोर, मागचे पाय दुखतात, पाणी दिसलं की मात्र दुखत नाहीत. गुंड्या गावठी, चार वर्षांचा, सोसायटीच्या गेटवर सापडलेला. त्याला घाटात हमखास ओकारी होते. बाबा म्हणतात, घराण्याला साजेसंच आहे. १९६० साली ते नऊ वर्षांचे असताना आजोबा त्यांना दाभोळहून बोटीत घालून मुंबईला घेऊन गेले, तेव्हा भाऊच्या धक्क्यापर्यंत बाबांनी बादली सोडली नव्हती.

होमस्टे आणि हॉटेलं मिळून अकरा ठिकाणी फोन केले. नऊ ठिकाणी 'कुत्रे' हा शब्द ऐकताच नकार. एका ठिकाणी म्हणाले, बाहेर माडाला बांधा. एका ठिकाणी होकार मिळाला, पण दर कुत्र्यामागे माणसाइतकाच, वर न्याहारी धरलेली. म्हणून तंबू. आमच्याकडे चार माणसांचा आहे, भंडारदऱ्याला दोनदा वापरलाय, दोन्ही कुत्रे त्यात झोपतात (आणि आम्ही कडेला).

आता खरं कारण. गावात आमचं घर नाही. होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात ओटीची भिंत फाटली. तेव्हा घरात बाबांची आजी एकटीच होती. डागडुजीला मुंबईहून पैसे पाठवायचं ठरत राहिलं, गेले कधीच नाहीत. आजी गेली, कौलं उतरवली, वासे कुणीतरी नेले. आता जांभ्याचं जोतं, तुळस आणि विहीर उरलीय, असं एका चुलतभावाने मागे लग्नात सांगितलं होतं. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बाबा अचानक म्हणाले, एक रात्र त्या जोत्यावर झोपायचंय. माणूस वर्षानुवर्षं काही मागत नाही आणि मग हे मागतो.

तर विचारायचंय ते असं. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण हा सरळ रस्ता मला माहीत आहे. पण बाबांना दाभोळचा धक्का बघायचाय, म्हणून ताम्हिणीने माणगावला उतरून किनाऱ्याने जावं का? फेरीबोटीवर कुत्रे घेतात का? वाटेत दोन रात्री किनाऱ्यावर तंबू लावला तर चालतं का? बिबट्याचं कितपत मनावर घ्यायचं? आणि जोत्यावर तंबू लावायला नेमकं कुणाला विचारायचं? सातबारा ऑनलाइन काढला. आजोबांचं नाव आहे, सोबत आणखी सतरा नावं आहेत. त्यातली किती माणसं हयात आहेत देव जाणे.

खाडीकाठ:

दाभोळ बघायचं असेल तर किनाऱ्यानेच या. फक्त नकाशावर अंतर बघून वेळ काढू नका. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला पहिली फेरीबोट, सावित्रीच्या पलीकडे वेश्वीला उतरायचं. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ. तिथे दुसरी बोट, वाशिष्ठीच्या मुखावर. धोपाव्याला उतरलात की गुहागर तालुका लागला. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, गुंड्याला सकाळी उपाशीच बसवा. बोटींच्या वेळा निघताना फोनवर विचारा, शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका.

कुत्र्याचं तिकीट मला आजवर कुणी मागितलं नाही. अडचण आवाजाची आहे. धक्क्याला लागताना बोटीची लोखंडी फळी आपटते, तेव्हा आमचा राजा सीटखाली शिरला तो दापोलीपर्यंत बाहेर आला नाही. एक माणूस मागे कुत्र्यांजवळ बसवा. बाबांना मात्र गाडीतून उतरवून कठड्याशी उभं करा.

किनाऱ्यावरच्या तंबूचं म्हणाल तर पुळणीवर गाडी अजिबात उतरवू नका. दर सुट्टीत कुणाची ना कुणाची रुतते, आणि मग भरती चढत असताना अख्खा गाव दोर घेऊन. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. दहापंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण तंबूपुरतं चालतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीच्या रेघेच्या बरंच वर येतं. सुरूच्या बनात सावली छान असते, पण ती लागवड बहुतेक ठिकाणी वनखात्याची, न विचारता मुक्काम करू नका. सगळ्यात बरं म्हणजे कुणाच्या तरी वाडीत विचारून, पैसे देऊन, विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत लावा. आणि माडाखाली नको! शहरातली माणसं हमखास माडाखाली तंबू लावतात, फोटोत चांगला दिसतो म्हणून. नारळाचं सोडा, सुकलेली झावळ पडली तरी तंबूचा निकाल लागतो.

आणखी एक. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं, आता गावकरीच घरटी राखतात. कासव महोत्सवाला लोक फेब्रुवारी-मार्चनंतर येतात, कारण तेव्हा पिल्लं निघतात. पण माद्या नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच चढायला लागतात. अंडी उकरण्यात कोल्ह्यांबरोबर कुत्र्यांचाही नंबर लागतो. संध्याकाळनंतर पट्टा सोडायचा नाही, साखर कितीही गरीब असली तरी.

चहा_बिनसाखरेचा:

कुत्र्यांना पुण्यात बोर्डिंगला ठेवा. विषय संपला.

मूळ धागाकर्ती:

@चहा_बिनसाखरेचा, मागच्या वेळी ठेवलं होतं तेव्हा साखर चार दिवस जेवली नव्हती. शिवाय बाबा म्हणतात कुत्रे नसतील तर मीही नाही. विषय संपला नाही.

गोठ्यातला_डॉक्टर:

मी जनावरांचा डॉक्टर, याच जिल्ह्यात नोकरी झाली आहे, म्हणून थोडं सविस्तर.

बिबट्याचं पूर्ण मनावर घ्या. तंबूतल्या माणसांपेक्षा कुत्र्यांसाठी. कुत्रा त्याचं ठरलेलं खाणं आहे. गावात रात्री कुत्रा अंगणात बांधला तर सकाळी नुसती साखळी सापडते, हे मी दाखल्यात लिहिलेलं आहे. पडकं जोतं, भोवती रान माजलेलं, वर सडा, हे ऐकूनच मला ती रात्र आवडत नाही. कुत्रे रात्री बंद दाराच्या आतच हवेत. तंबूची चेन म्हणजे दार नव्हे.

बिबट्याहून जास्त भीती मला फाशांची वाटते. डुकरांसाठी लोक बागेच्या कडेने, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खिंडारात वायरचे फासे लावतात. काही ठिकाणी खाण्यात गुंडाळलेले गावठी बॉम्ब टाकतात. बेकायदेशीर आहे, तरी टाकतात. कुत्र्याने तोंडात धरला की जबडाच जातो. गुंड्यासारखा वास घेत पुढे पळणारा कुत्रा गावच्या रानात कधीच मोकळा सोडू नका.

जांभ्याच्या ढिगात फुरसं असतं. इतकंसं दिसतं, पण करवतीसारखा आवाज करत वेटोळी घासायला लागलं की थांबायचं. कुत्रा नेमका तिथेच नाक घालतो. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते आणि कुत्र्यालाही तीच देतात. पण तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ती त्या दिवशी शिल्लक आहे का, कुत्रा बघणारा डॉक्टर सुट्टीवर तर नाही ना, हे निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या. चिपळूणला खासगी डॉक्टर मिळतात, तिथला एक नंबर जवळ ठेवा.

किनाऱ्यावर मेलेला फुगीर मासा दिसला तर कुत्र्याला लांब ओढा. केंड म्हणतात त्याला, विषारी असतो. खारं पाणी प्यायले की जुलाब लागतात, म्हणून पोहण्याआधी भरपूर गोडं पाणी पाजा. रोज रात्री कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. साखरेचे पाय दुखले म्हणून घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. असं करणारे दर महिन्याला भेटतात.

पाखाडी:

डॉक्टरांनी जनावरांचं सांगितलं, मी माणसांचं सांगते. बिबट्या परवडला.

ताई, सतरा नावांच्या सामाईक जागेवर तुम्ही न कळवता जाऊन तंबू ठोकलात, तर संध्याकाळपर्यंत वाडीत एकच बातमी: मुंबईवाले वाटणी मागायला आले. (तुम्ही पुण्याच्या आहात, पण गावात बाहेर गेलेले सगळे मुंबईवालेच.) आमच्याकडे असंच झालं. भावाने हौसेने जोत्यावरचं रान तोडलं, गडग्याचे दोन चिरे सरळ केले. पुढच्याच महिन्यात काकांनी तलाठ्याकडे अर्ज दिला की हे वहिवाट दाखवतायत. तुमच्या मनात काही नसेल. पण कोयता लागला की अर्थ बदलतो.

म्हणून आधी फोन. बाबांनी करायचा, तुम्ही नाही. त्यांच्या वयाचं वाडीत जे कोणी असेल त्याला. सातबाऱ्यावर घर दिसत नाही, घराचा उतारा ग्रामपंचायतीत असतो, नमुना ८. तिथे घरपट्टी कुणाच्या नावाने भरली जाते ते बघितलंत की जोत्याची काळजी आजवर कुणी घेतली ते कळेल. त्याच माणसाला विचारा. आणि कागद बघायला जाणार असाल तर तेही आधी सांगून जा, कारण तुम्ही ग्रामपंचायतीची पायरी चढायच्या आत ते कळलेलं असतं.

रान तोडायचं नाही. चूल पेटवायची नाही, डिसेंबरात गवत सुकलेलं असतं आणि काजू-आंब्याच्या बागांत वणवा गेला तर पिढ्यान् पिढ्या नाव निघेल. आणि कोंबड्या! गुंड्याने एक जरी कोंबडी धरली तरी तुमची ओळख तीच. पन्नास वर्षांनी भेटलेल्या चुलत्याला लोक विसरतील, कोंबडी नाही विसरणार.

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण बाबा फोन करायला तयार नव्हते. 'इतक्या वर्षांनी काय बोलू' एवढंच. शेवटी काल जेवणानंतर केला. मी स्पीकर लावायला सांगितला, त्यांनी नाही लावला.

पलीकडे त्यांचे चुलतभाऊ, दोन वर्षांनी मोठे. पहिलं मिनिटभर दोघंही नुसते 'हं, हं' करत होते. मग बाबांनी जोत्याचं काढलं आणि पलीकडे शांतता. पाखाडीताई, तुमचं वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. बाबांनीच सांगून टाकलं, मला काही नको, विहिरीचं पाणी प्यायचंय आणि तिथे पडायचंय. घरपट्टी काकाच भरतात, हेही तेव्हाच कळलं. पडलेल्या घराची. कधीपासून, ते बाबांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

रात्री तिथे झोपायला काकांनी साफ नकार दिला. कारण डॉक्टरांनी दिलंय तेच, गेल्या पावसात वाडीतले तीन कुत्रे गेले. दुपारी चटई टाकून पडा म्हणाले, मी पण येतो. रात्री त्यांच्या पडवीत, पडवीला दार आहे. 'तंबू कशाला, गावात घरं नाहीत काय?' हे तीनदा ऐकवलं. कुत्र्यांचं सांगितल्यावर एकच प्रश्न आला, मासे खातात ना? आम्ही येऊ त्या दिवशी कोंबड्या डालून ठेवणार आहेत.

तर आता तंबू फक्त वाटेत, एकच रात्र, केळशीच्या अलीकडे एका वाडीत. मालकांशी बोलणं झालंय, विहिरीजवळची जागा आहे, माड लांब आहेत. त्या दिवशी नवमी, म्हणजे पावणेसातला भरती, बरोबर ना? साखरेला चारच्या सुमारास पाण्यात सोडून अंधाराच्या आत पट्टा लावेन. दाभोळला दुपारची बोट धरू.

एक राहिलंच. गावात शिरताना नारळ किती न्यायचे? बाबांना आठवत नाही आणि काकांना विचारायला ते लाजतायत.

पाखाडी:

नवमीचं बरोबर आहे. नारळ दोन. एक गावदेवीला, देवळात गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घ्या. दुसरा जोत्यावर जागेच्या राखणदाराला, तिथे पडायच्या आधी. तो काकांच्या हातून ठेवा. आणि तेवढा वेळ गुंड्याला गाडीत बसवा.