मध्ययुगीन रोमान्समधल्या नायिका दिवसभर करतात तरी काय?

सूतकताई:
बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडवरच्या रोमान्स कादंबऱ्यांची चाल ठरलेली. राजा नायिकेला एका रांगड्या सरदाराच्या गळ्यात बांधतो, ती आदळआपट करते, पाचव्या प्रकरणात प्रेम. प्रेमाला माझी हरकत नाही. नायिकेला कामच नसतं, हे खटकतं. गढीच्या मालकिणीकडे कोठार, नोकरचाकर, कुळांची भांडणं आणि नवरा बाहेर असला की बचावसुद्धा. थोडं पुढचं उदाहरण देते. १४४८ मध्ये नॉरफोकच्या जमीनदार घराण्यातल्या मार्गारेट पॅस्टनने नवऱ्याला पत्र लिहून क्रॉसबो (आडवी धनुष्यं) मागितले, कारण घराचं छत इतकं ठेंगणं की आतून लांब धनुष्य चालवता येत नव्हतं. त्याच पत्रात बदाम आणि साखरही मागितली! अशी बाई कादंबरीत का दिसत नाही?

गढीकर:
असहमत. लग्न लादण्याचं कथानक हवेतून आलेलं नाही. थेट राजाकडून जमीन धरणारा सरदार मेला आणि वारस अज्ञान (अल्पवयीन) असला, तर पालकत्व राजाकडे जाई. मुलीचं लग्न ठरवायचा हक्क चक्क विकला जाई. ११८५ मध्ये राजाच्या अधिकाऱ्यांनी अशा विधवा आणि अज्ञान वारसांची यादीच केली, वय आणि जमिनीच्या उत्पन्नासकट. लेखिका हेच वापरतात, त्यात खोटं काय?

कलम८:
खोटं नाही, अर्धवट आहे. कादंबरीत एकदा राजा बोलला की विषय संपला. प्रत्यक्षात विधवा राजाला पैसे भरून नको असलेलं लग्न टाळत. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या सनदेत, तर विधवेला ४० दिवस नवऱ्याच्या घरात राहण्याची मुभा आहे आणि दुसऱ्या लग्नाची सक्ती नाही. तिने दुसरं लग्न करायचं ठरवलं तर परवानगी मात्र राजाची, किंवा ती ज्याची जमीन धरते त्या सरदाराची.

शिवाय चर्चचा कायदा. पोप अलेक्झांडर तिसरा याच्या निर्णयांनंतर दोघांनी वर्तमानकाळात ‘मी तुला पती/पत्नी मानतो/मानते’ म्हटलं की लग्न पक्कं. पुरोहित नको, साक्षीदार नको. वरच्या मार्गारेट पॅस्टनच्या मुलीने, मार्जरीने, घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी असंच लग्न केलं. १४६९ मध्ये नॉरिचच्या बिशपने दोघांना वेगवेगळं विचारलं, नेमके कोणते शब्द उच्चारले. ती म्हणाली, त्या शब्दांनी पक्कं झालं नसेल तर इथून जाण्याआधी आणखी पक्कं करते. लग्न टिकलं, आईने मात्र तिला दार बंद केलं. यापेक्षा चांगला प्रसंग कुठल्या रोमान्समध्ये आहे?

पानगळ:
हे सगळे जमीनदार झाले. भूदास (मालकाच्या जमिनीला बांधलेल्या) शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी मालकाला शुल्क द्यावं लागे. त्याऐवजी कादंबऱ्या ‘पहिल्या रात्रीचा हक्क’ (नववधूची पहिली रात्र मालकाची) दाखवतात, ज्याला इंग्लंडमध्ये पुरावा नाही. गावात बायका बिअर गाळत. बिअर टिकवणारी हॉप्सची फुलं त्यात नसल्याने ती काही दिवसांत आंबे, म्हणून पुन्हापुन्हा गाळायची आणि उरलेली शेजारी विकायची. आणि कृपा करून नायिकेचा कॉर्सेट (कंबर आवळणारी चोळी) फाडू नका, तेराव्या शतकात तो नव्हताच. आत लिनन, वर लांब अंगरखा, बस्स.

गढीकर:
बिअरच्या पिंपाचा हिशोब वाचायला रोमान्स कोण घेतं? वाचकाला दोघांतला ताण हवा.

सूतकताई:
मग विधवा नायिका घ्या. नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तिच्या हाती, म्हणजे ताण आयताच.

कलम८:
घ्या, पण तो हिस्सा हयातीपुरताच असे. शेवटच्या प्रकरणात तिने तो विकून प्रियकराचं कर्ज फेडलं, तर मेलेल्या नवऱ्याचा वारस दावा ठोकणार.