मदत हवी आहे: सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये एक्स्प्रेस पास घ्यावा की रांगेत उभे राहावे?

नमस्कार. यंदा चवथीच्या सुट्टीत सहकुटुंब सिंगापूरला जाण्याचे ठरले आहे. विमानाची तिकिटे, हॉटेल आणि व्हिसा ही सारी कामे मार्गी लागली, आणि आता आमचे घोडे एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर अडले आहे. सेंतोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओजच्या प्रवेशाच्या तिकिटाखेरीज तेथे रांग टाळण्यासाठी वेगळा एक्स्प्रेस पास विकत मिळतो. तो पाचही जणांसाठी घ्यावा, काहींसाठी घ्यावा की मुळीच घेऊ नये, यावर आमच्या घरात तीन आठवडे चर्चा चालू असून निर्णय काही होत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आम्ही फोंड्याचे. यजमान कळंगुटच्या एका हॉटेलात नोकरीला असल्यामुळे नाताळच्या सुट्टीत रजेचा विषयही काढता येत नाही, आणि मे महिन्यात त्यांचे हॉटेल भरलेले असते. उरतो तो पावसाळा. चवथ टाळून परदेशी जाणे आमच्या घरात संभवत नाही, परंतु आमचा गणपती दीड दिवसाचा असल्याने १५ सप्टेंबरला विसर्जन करून १६ तारखेला निघता येते. (माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास, उतरवून लगेच बॅगा भरायच्या, हे सासूबाईंना अजून पूर्णपणे पटलेले नाही.) एजंटाने १८ तारखेला, शुक्रवारी, शहरदर्शन ठेवले आहे आणि शनिवारी, १९ तारखेला, युनिव्हर्सल.

आम्ही पाच जण आहोत. मुलगी १२ वर्षांची असून रोलर कोस्टरसाठीच ती या सहलीकडे डोळे लावून बसली आहे. मुलगा ७ वर्षांचा, उंची ११८ सेंटिमीटर. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या कोणत्याही राईडमध्ये बसणार नाहीत. यजमान मुलीसोबत सगळीकडे बसतील. मला उलटे लटकवणाऱ्या राईडचे भय वाटते, पण अंधारातल्या ‘मम्मी’ या रोलर कोस्टरमध्ये एकदा बसून पाहायचे आहे, हे घरात अजून कोणाला सांगितलेले नाही.

पासाचा दर तारखेनुसार बदलतो आणि गर्दीच्या दिवशी तो चढा असतो, एवढे समजले आहे. साधा पास प्रत्येक राईडला एकदाच चालतो आणि कितीही वेळा चालणारा अनलिमिटेड पास त्याहून महाग पडतो. पाच साधे पास घेतले तरी आमच्या हिशेबाने एका माणसाच्या विमान तिकिटाच्या जवळपास खर्च जातो. यजमान म्हणतात की इतक्या लांब जाऊन दिवसभर रांगेत उभे राहायचे असेल तर त्यापेक्षा चोडणच्या फेरीबोटीची रांग काय वाईट होती.

मला मात्र जुना अनुभव आठवतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातील एका उद्यानात आम्ही दारातच उत्साहाने चौघांचे पास घेतले. पहिल्याच मोठ्या राईडपाशी मुलाला मोजपट्टीजवळ उभे केले आणि परत पाठवले. दुपारी पाऊस आला, तेव्हा उघड्यावरच्या राईड बंद झाल्या. पैसे परत मिळत नाहीत, हे पासावर बारीक अक्षरांत छापलेले होते, ते आम्ही घरी आल्यावर वाचले.

सासूबाईंचे मत वेगळेच आहे. तिरुपतीला आम्ही ३०० रुपयांच्या विशेष दर्शनाच्या रांगेतून गेलो, तेव्हा त्या सर्वदर्शनाच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. पैसे मोजून दुसऱ्याच्या पुढे जाणे त्यांना देवळातही रुचत नाही, तर खेळण्याच्या जागी कसे रुचेल? मुलगा परवा त्यांच्याच सुरात विचारत होता की आपण पुढे गेलो तर मागची मुले किती वेळ थांबणार. मला त्याला नीट उत्तर देता आले नाही.

ज्यांनी हा पास घेतला आहे, किंवा न घेता दिवस घालवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांडवीकाठ:

ताई, सिंगापुरात आठ वर्षे काढल्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. पासाच्या आधी वार बदला. तेथील शाळांची सप्टेंबरमधील एक आठवड्याची सुट्टी यंदा १३ तारखेला संपते, म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा तेथील मुले वर्गात असतील. असे असताना शनिवारी युनिव्हर्सलला जाणे म्हणजे हाताने गर्दी ओढवून घेणे आहे. एजंटाला सांगून शहरदर्शन शनिवारी आणि युनिव्हर्सल शुक्रवारी करून घ्या. त्याला एक पैसाही जास्त लागू नये. त्या दिवशी उद्यान किती वाजता उघडते आणि बंद होते, ते मात्र संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत आधी पाहा.

आता उंचीचे पाहू. बॅटलस्टार गॅलॅक्टिका या जुळ्या रोलर कोस्टरला किमान १२५ सेंटिमीटर लागतात आणि मम्मीला १२२, म्हणजे तुमच्या मुलाला या दोन्हींमध्ये प्रवेश नाही. ट्रान्सफॉर्मर्सला १०२ पुरतात, तेथे तो बसेल. याचा अर्थ मोठ्या रांगांच्या राईडपैकी निम्म्यांवर त्याच्या पासाचा उपयोग शून्य आहे, आणि सासूबाईंच्या पासाचा तर प्रश्नच नाही. पाच पासांचा हिशेब येथेच संपला. आजी आणि नातू यांनी तेवढ्या वेळात वॉटरवर्ल्डचा खेळ पाहावा, तो बसून पाहायचा असतो. आणि २०२५ मध्ये सुरू झालेला मिनियनचा विभाग मुलाला आवडेल.

मुलगी अनोळखी माणसाच्या शेजारी बसायला तयार असेल, तर एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग मोठ्या राईडना असते. दोघादोघांचे गट बसवून झाल्यावर जी एखादी जागा रिकामी राहते, ती या रांगेतून भरतात, म्हणून ती बहुधा भरभर सरकते आणि तिला पैसे पडत नाहीत. बाप आणि लेक वेगळ्या डब्यांत बसतील, एवढेच.

शेवटची गोष्ट विजेची. सिंगापुरात वर्षभर गडगडाट होतो आणि वीज जवळ आली की बॅटलस्टारसारख्या उघड्यावरच्या राईड थांबवतात. त्या वेळी तुमच्या हाती कोणता पास आहे, याला काही अर्थ राहत नाही. म्हणून बाहेरच्या राईड सकाळी उरकाव्यात आणि मम्मी, ट्रान्सफॉर्मर्स या छपराखालच्या दुपारसाठी राखाव्यात.

वेर्ण्याचा यंत्रकार:

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण कारखान्यात उत्पादनाचे नियोजन करताना आमचे रोजचे काम रांगा मोजण्याचेच आहे. राईड एका तासात ठरावीक माणसे नेते. पास विकले म्हणून ती संख्या वाढत नाही. समजा, ती तासाला १,२०० माणसे नेते आणि साध्या रांगेत तुमच्यापुढे ८०० जण आहेत. पास नसता तर ४० मिनिटे लागली असती. पण तासाला ४०० जागा पासवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेसाठी ८०० उरतात आणि त्याच ठिकाणी तुम्हाला एक तास उभे राहावे लागते. म्हणजे मागची मुले २० मिनिटे जास्त थांबतात, असे त्याला खुशाल सांगा. सात वर्षांच्या मुलाला हा हिशेब समजतो. माझ्या पुतण्याला समजला होता.

याच हिशेबातून पासाची किंमत केव्हा वसूल होते, तेही कळते. रांग १५ मिनिटांची असेल तर पास घेऊन तुम्ही फार तर १०-१२ मिनिटे विकत घेता. ती ७०-८० मिनिटांची असेल, तर तासभर विकत घेता. पास तोच, पण वस्तू वेगळी. त्यामुळे घरी बसून आगाऊ घेण्यापेक्षा तेथे पोहोचून अ‍ॅपवर रांगांच्या वेळा पाहून ठरवणे मला शहाणपणाचे वाटते. गर्दीच्या दिवशी पास संपण्याचा धोका त्यात आहे, हे मान्य.

एक जाता जाता. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता आणि सर्वांना मिळत असे. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे देऊन घ्यायची सेवा आली, आणि तोक्योच्या डिस्नेलँडमध्येही २०२२ पासून पैसे मोजून घेण्याचा पर्याय आहे. तुमच्या सासूबाईंना हे सांगू नका.

सांजवात:

आम्ही गेल्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे तेथील शाळांच्या मोठ्या सुट्टीत गेलो होतो आणि पास घेतला नसता तर मुलांना तीन राईडही मिळाल्या नसत्या. आत गेल्यावरही पास विकत मिळत होते. सुट्टी नसलेल्या शुक्रवारी मी एकही घेणार नाही.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. एजंटाशी आज बोलले. युनिव्हर्सल आता शुक्रवारी, १८ तारखेला आहे आणि त्याने जास्तीचे काही मागितले नाही. घरात असे ठरले आहे की आधी एकही पास घ्यायचा नाही. दार उघडताच यजमान आणि मुलगी थेट बॅटलस्टारकडे जातील. अकरा वाजता अ‍ॅपवर मोठ्या राईडच्या रांगा तासाहून अधिक दिसल्या, तर त्या दोघांपुरतेच पास आत घेऊ. तीन पासांचे पैसे वाचणार हे ऐकून यजमान खूश आहेत, पण अनोळखी माणसाच्या शेजारी बसायला मुलगी तयार आहे आणि तेच तयार नाहीत.

मम्मीचे मी आज जेवताना सांगून टाकले. आता मुलगा रुसला आहे, कारण त्याला चार सेंटिमीटर कमी पडतात आणि सप्टेंबरपर्यंत ते वाढतील का, हे तो रोज दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून पाहतो. जाड तळव्याचे बूट घालून मोजतात का, असेही त्याने विचारले आहे. मी नाही म्हणून सांगितले.

एवढेच अजून विचारायचे आहे: आम्ही आत असताना सासूबाईंना पंखा किंवा सावली असलेल्या जागी तासभर आरामात बसता येईल, अशी मम्मीच्या जवळपास एखादी जागा कोणाच्या लक्षात आहे का?