आच्छादनाने बहर लांबत नाही हो

बर्फ वितळायच्या आत सफरचंदाच्या खोडाभोवती जाड आच्छादन घातलं की मुळं गार राहतात, बहर उशिरा येतो आणि फुलं फ्रॉस्टमधून (गोठवणाऱ्या थंडीतून) वाचतात असं तुम्ही म्हणताय, पण खरं सांगू का, त्याने फारसा फरक पडत नाही, कारण कळी फुगते ती हवेच्या आणि उन्हाच्या उबेने, खालची माती गार असली तरी फांदीवरची कळी आपली चालू लागते. खरंच लांबवायचं तर कळीच गार ठेवायला हवी. झाडाची थंडीची गरज (कळी जागी होण्याआधी हिवाळ्यात मिळावे लागणारे थंडीचे तास) पूर्ण झाली की हवा ७ अंशांच्या वर गेल्यावर स्प्रिंकलरने थांबून थांबून पाणी मारायचं, बाष्पीभवनाने कळी थंड राहते. मात्र पाणी खूप लागतं आणि भिजलेल्या कळ्या थंडीला जास्त नाजूक होतात, हे आधीच लक्षात घ्या प्लीज. सफरचंद पूर्ण फुललेलं असताना उणे २.२ ला साधारण १० टक्के फुलं जातात, उणे ३.९ ला ९० टक्के, म्हणजे दीड-दोन अंशांचाच खेळ आहे सगळा. आणि फ्रॉस्टनंतर दोन-चार तासांनी ब्लेडने कळी आडवी कापून बघा, मधला भाग हिरवा असेल तर जिवंत, काळपट-तपकिरी असेल तर गेली, बाहेरून पाकळ्या छान दिसत असल्या तरीही.