मदत हवी आहे: 'टबीथा' हे नाव मुळात कुणाचं?

नमस्कार मंडळी,

बहिणीच्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी 'टबीथा' हे नाव जवळपास ठरलंय, पण आई अडून बसली आहे.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय ९ मधली ही यापो गावची, येशूला मानणारी शिष्या. ती वारते तेव्हा विधवा प्रेषित पेत्राभोवती रडत उभ्या राहतात आणि तिने शिवलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवतात. तिचं मोठेपण कुणी बोलून सांगत नाही, कपडेच पुढे धरतात. या एका ओळीसाठी मला हे नाव हवंय.

तिथे तिची दोन नावं येतात: टबीथा अरामी भाषेतलं आणि दुर्कस ग्रीक. दोन्हींचा अर्थ हरिणी, आपल्या चिंकाऱ्याच्या जातकुळीतली. (मार्कच्या शुभवर्तमानातल्या 'तलीथा कूम'शी याची गल्लत होते. तलीथा म्हणजे लहान मुलगी, तो शब्दच वेगळा.)

आता अडचण. यहुदी परंपरेत असं सांगतात की रब्बान गमलिएल या यहुदी धर्मगुरूच्या घरात गुलामांना ताबी आणि दासींना ताबिता म्हणत. हे कानावर आल्यापासून आईचं एकच, 'दासीचं नाव पोरीला कशाला?'

मला ते पटत नाही. एक तर बायबलमधल्या यहूदाच्या योवाश राजाची आई, बैर-शेबाची सिब्या, हिचं हिब्रू नाव याच धातूचं. हिब्रूतला 'त्स' अरामीत 'त' होतो, एवढंच. म्हणजे नाव राजमातेलाही चाललं. आणि दुसरं, तो ताबी तरी कोण? दुसऱ्या गमलिएलचा, म्हणजे पौलाच्या गुरूच्या नातवाचा गुलाम. मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, मालक स्वतः त्याला विद्वान म्हणतो. तो वारल्यावर गुलामासाठी सांत्वन घेण्याची रीत नसताना गमलिएलने ते घेतलं. शिष्यांनी विचारलं तेव्हा म्हणाला, ताबी इतर गुलामांसारखा नव्हता, सचोटीचा होता. अशा माणसाच्या नावाची लाज का वाटावी?

तरी आईपुढे ठेवायला पक्का आधार हवा. त्या काळातल्या थडग्यांवर किंवा अस्थिपेट्यांवर टबीथा हे नाव स्वतंत्र घरातल्या बाईचं म्हणून आढळतं का? अरामी किंवा मिश्ना अभ्यासलेल्यांनी कृपया सांगावं.

आणि दाखल्यावर 'टबीथा' लिहावं की 'तबिथा'? ग्रीक उच्चार 'त'चा आहे, पण आपल्या मंडळीत सगळे 'ट'च म्हणतात.